पाचारणामागचे हात

धर्मगुरू होण्याचे पाचारण देवाचे, मग आभार माणसांचे कशाला, असा प्रश्न श्रद्धाळू मनातूनच उमटतो. पण हाक ऐकलेल्या मुलाचा सेमिनरीतला अनेक वर्षांचा खर्च कुणीतरी उचलतच असतो. पैशाअभावी होतकरू मुलांना परत पाठवावे लागेल, असे नागासाकीच्या बिशपांनी कळवले, तेव्हा फ्रान्समधल्या स्तेफनी आणि जान बिगार या मायलेकींनी १८८९ मध्ये मदतकार्य उभारले. १९२२ मध्ये पोप पायस अकरावे यांनी ते पोपपदाच्या अखत्यारीत घेतले. मदतीने धर्मगुरू मिंधा होतो, ही शंका इथे टिकत नाही. कारण ही मदत दूर जपानमधल्या अनोळखी मुलांसाठी होती, देणाऱ्यांना परतफेडीची अपेक्षाच नव्हती. पैशापेक्षाही मोठे देणे आईवडिलांचे; ते आपला मुलगाच देतात. आपल्या धर्मग्रामातला मुलगा सेमिनरीत असेल, तर या रविवारी त्याच्या आईवडिलांचे आभार मानायला त्याच्या घरी अवश्य जा.