जुना कॉम्प्रेसर : आधी टाकी, मग मोटार

जुना कॉम्प्रेसर विकत घ्यावयास गेलेला मनुष्य प्रथम मोटारीकडे पाहतो. ती सुरू करावयास सांगतो, आवाज ऐकतो, काट्यावर दाब चढला की त्याचे समाधान होते आणि सौदा ठरतो. विहिरीवरच्या मोटारीशी जन्मभर संबंध आलेल्या शेतकऱ्याने असे करणे स्वाभाविक आहे. मोटार जळाली की पाण्याची पाळी चुकते, हे त्याने सोसलेले असते. परंतु पंपातील पाणी वाहून जाते. कॉम्प्रेसरमधील हवा टाकीत कोंडून राहते. मोटार जळाली तर पैसे जातात, टाकी फुटली तर जवळ उभा असलेला माणूस जातो. तेव्हा जुन्या कॉम्प्रेसरची परीक्षा टाकीपासून सुरू झाली पाहिजे, आणि टाकी त्या परीक्षेत उतरली नाही तर मोटारीची दुरुस्ती व नवी वायरिंग यांवर एक पैसाही खर्च करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे यंत्र आता खेड्याला परके राहिलेले नाही. ट्रॅक्टर व ट्रॉलीच्या टायरांत हवा भरणे, रेडिएटरमध्ये अडकलेला भुसा उडविणे, एअर फिल्टर साफ करणे, मळणी यंत्र झाडणे, अवजारांना रंग देणे अशी कितीतरी कामे त्यावर होतात. पाच-सहा शेतकऱ्यांनी मिळून किंवा गावच्या अवजारे बँकेने एक यंत्र ठेवले तर तालुक्याच्या खेपा वाचतात. नवे यंत्र परवडत नाही, म्हणून भोसरी, सातपूर, वाळूज यांसारख्या औद्योगिक वसाहतींतून निघालेली जुनी यंत्रे व्यापाऱ्यांच्या हातून गावोगाव येतात. यात वावगे काही नाही. पट्ट्यावर चालणारा, बिडाच्या डोक्याचा जुना कॉम्प्रेसर मोठा चिवट असतो. पुण्यास किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८ साली व कोईमतूर येथे एल्जी १९६० साली सुरू झाली. अशा देशी बनावटीच्या यंत्रांच्या रिंगा, व्हॉल्व्ह प्लेट, गॅस्केट बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतात आणि ते बदलले की यंत्र पुन्हा कित्येक वर्षे काम देते. मोटारीचे वाइंडिंग नव्याने भरता येते, वायरिंग नवी करता येते. गंजून पातळ झालेला टाकीचा पत्रा मात्र कोणालाही पुन्हा जाड करता येत नाही.

टाकी गंजते ती आतून व खालून. हवेत नेहमी बाष्प असते. हवा दाबली म्हणजे ती तापते आणि टाकीत येऊन निवली म्हणजे त्या बाष्पाचे पाणी होऊन तळाशी बसते. पावसाळ्याच्या दमट हवेत लहानसे यंत्र तासभर सलग चालले तर पाव लिटरच्या आसपास पाणी साचू शकते. हे पाणी रोज संध्याकाळी खालच्या कॉकमधून सोडून द्यावयाचे असते. कारखान्यात ते सोडले जात होते की नाही, हे विकणारा सांगत नाही व बहुधा त्याला ठाऊकही नसते. बाहेरून मारलेला रंग तर काहीच सांगत नाही. नुकत्याच रंगविलेल्या चकचकीत टाकीविषयी आम्हांला अधिकच संशय येतो.

म्हणून सौदा करण्यापूर्वी यंत्राची वीज तोडावी, हवा पूर्ण सोडून काटा शून्यावर आणावा आणि तळाचा कॉक उघडावा. कॉक जाम असेल, किंवा त्याच्या जागी कायमचा प्लग ठोकलेला असेल, तर पाणी वर्षानुवर्षे आतच राहिले असे समजावे. निघालेल्या पाण्यात तांबड्या गंजाच्या पापुद्र्या असतील तर प्रकरण गंभीर आहे. मोठा प्लग काढून आत विजेरीचा प्रकाश टाकावा. टाकी रिकामी असताना तळाकडच्या भागावर लहान हातोडीने हलके ठोकीत जावे. धड पत्रा खणखणतो. खाल्लेला पत्रा बद्द वाजतो, कधी त्यावर पोचाही पडतो. टाकीवर बनविणाऱ्याची पट्टी असते व तिच्यावर कामाचा दाब आणि चाचणीचा दाब कोरलेला असतो. ती पट्टी नसेल तर त्या टाकीस किती दाब सोसेल हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. अशी टाकी घेऊच नये.

एवढ्यातून पार पडलेल्या टाकीची पाण्याने चाचणी घ्यावी. सेफ्टी व्हॉल्व्ह, प्रेशर स्विच इत्यादी काढून ती तोंडे प्लगने बंद करावीत, टाकी काठोकाठ पाण्याने भरून आतील सगळी हवा घालवावी आणि नळांची चाचणी घेण्याच्या हातपंपाने, त्याच्याच काट्यावर पाहून, कामाच्या दाबाच्या दीडपट दाब द्यावा. मात्र पट्टीवर कोरलेला चाचणीचा दाब ओलांडू नये. अर्धा तास तो टिकला पाहिजे. सांध्यावर पाझर, फुगवटा किंवा घाम दिसला तर टाकी बाद. हे काम माहीतगार जोडाऱ्याकडूनच करून घ्यावे. टाकी फार जुनी असेल तर पत्र्याची जाडी ध्वनिलहरींच्या मापकाने मोजून घेतलेली अधिक बरी, कारण पाण्याची चाचणी आजचे सांगते, पुढील चार वर्षांचे नाही.

पाणीच का, हवेनेच दाब देऊन का पाहू नये, असा प्रश्न शेतकरी बंधू विचारतात. त्याचे उत्तर नीट समजून घेण्यासारखे आहे. पाणी जवळजवळ दबतच नाही. टाकी फाटली तरी थोडे पाणी उडते आणि दाब तत्क्षणी नाहीसा होतो. हवेचे तसे नाही. २०० लिटरच्या टाकीत दर चौरस सेंटिमीटरला ७ किलो, म्हणजे गॅरेजच्या भाषेत सुमारे १०० पौंड, दाबाची हवा असेल, तर ती एकदम सुटताना जे काम करील तेवढ्यात एक टनाचे वजन पाच मजली इमारतीइतके उंच उचलता येईल. फाटलेला पत्रा त्या बळाने फेकला जातो. हे बळ तपासून पाहण्यासाठी हवाच भरणे म्हणजे विहिरीची खोली उडी टाकून मोजण्यासारखे आहे.

तळाला सुईएवढे छिद्र पडले की संधात्याकडे नेऊन ठिगळ मारण्याची पद्धत सर्वत्र आहे. आमचा तिला विरोध आहे. एका जागी छिद्र पडले याचा अर्थ आजूबाजूचा पत्राही कागदासारखा झाला आहे. ठिगळ धरते, त्याच्या कडेचा पत्रा फाटतो. जुन्या गॅस सिलिंडरची टाकी बनविणे हेही त्याच मालिकेतले. आणि सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा हवा सोडतो म्हणून त्याचे तोंड बोल्टने बंद करणे, याला दुरुस्ती म्हणताच येत नाही. तो व्हॉल्व्ह हवा सोडतो याचा अर्थ प्रेशर स्विच वेळेवर मोटार बंद करीत नाही, किंवा व्हॉल्व्हच बिघडला आहे. पहिल्या पक्षी स्विच दुरुस्त करावा, दुसऱ्या पक्षी नवा व्हॉल्व्ह बसवावा. तो टाकीच्या पट्टीवरील कामाच्या दाबापेक्षा अधिक दाबाचा कधीही नसावा.

टाकी उतरली म्हणजे मोटारीकडे वळावे. कारखान्यातून आलेले यंत्र बहुधा तीन फेजचे असते. गावठाणात पुष्कळदा एकच फेज मिळतो आणि शेतीच्या वाहिनीवर तीन फेज ठराविक तासच येतात. शेतीपंपाच्या जोडणीवरून भाड्याचा कॉम्प्रेसर चालविणे हा २००३ च्या वीज अधिनियमाच्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो, हे कार्यकर्त्यांनी गटाला आधीच सांगावे. दंडाची नोटीस आल्यावर सांगून उपयोग नाही. तीन फेजची मोटार दोन फेजांवर ओढीत नेण्याचे प्रकारही टाळावेत. तिचे वाइंडिंग तापून जाते. त्यापेक्षा गावठाणात एक फेजची कपॅसिटर असलेली मोटार बसविणे शहाणपणाचे. येथे एक खाच आहे. जुनी मोटार मिनिटाला ९६० फेऱ्यांची असेल आणि नवी १४४० ची आणली, तर जुनीच पुली ठेवल्यास कॉम्प्रेसरचे डोके दीडपट वेगाने फिरेल, तापेल व लवकर झिजेल. नव्या मोटारीची पुली जुनीच्या दोन-तृतीयांश व्यासाची हवी. मोटार बदलणारे पुष्कळ आहेत. पुली मोजणारा क्वचित भेटतो.

जुन्या वायरींना जोड देऊन काम भागवू नये. तेल प्यालेल्या, कडक झालेल्या सर्व वायरी काढून टाकाव्यात आणि परवानाधारक तारतंत्र्याकडून नव्या घालून घ्याव्यात. २ अश्वशक्तीची एक फेजची मोटार चालताना सुमारे १० अँपिअर घेते, पण सुरू होताना पाचपट किंवा अधिक. मीटरपासून ४० मीटर अंतरावर अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर नेली, तर सुरू होण्याच्या क्षणी ३० व्होल्टच्या आसपास तिच्यातच खर्ची पडतात. मोटारीस २३० ऐवजी २०० मिळतात आणि ती नुसती गुणगुणत बसते. अशा अंतरावर ४ चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी, किंवा यंत्रच मीटरजवळ आणावे, ते अधिक स्वस्त पडते.

अर्थिंगच्या बाबतीत खेड्यात फार ढिलाई दिसते. मोटारीचे अंग, टाकी आणि स्टार्टरची पेटी ही सर्व अर्थच्या तारेस जोडलेली पाहिजेत. तीन फेजच्या मोटारीस तर दोन स्वतंत्र अर्थ लागतात. न्यूट्रलची तार अंगाला जोडून अर्थिंगचे काम भागविणारे लोक आहेत. न्यूट्रल मागे कोठे तुटला की सबंध यंत्रात वीज उतरते. टायरवाल्याचे हात ओले, जमीन ओली, हातात लोखंडी नोझल, असा हा धंदा आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसविणे येथे चैनीची गोष्ट नव्हे.

मोटार वारंवार जळते अशी तक्रार आली की वाइंडिंग भरणाऱ्यास दोष दिला जातो. पुष्कळदा दोष हवेच्या बाजूस असतो. यंत्र आपोआप बंद होताना क्षणभर ‘फुस्स’ असा आवाज यावयास हवा. डोक्यातील व नळीतील हवा प्रेशर स्विचच्या बारीक व्हॉल्व्हमधून सुटते, म्हणून मोटारीस पुन्हा हलके सुरू होता येते. तो आवाज आलाच नाही, तर पुढच्या वेळी मोटारीस दाबाविरुद्ध उठावे लागते, ती अडते व तापते. उलट, बंद झाल्यावर फुसफुस थांबतच नसेल तर टाकीच्या तोंडाचा एकदिशा व्हॉल्व्ह गळत आहे. या दोन खुणा ओळखण्यास कसलेही उपकरण लागत नाही, कान पुरेत. जळके इंजिन ऑइल डोक्यात घालण्याने व्हॉल्व्हवर काजळी धरते, तेही या रोगाचे एक कारण आहे. कॉम्प्रेसरचे ऑइलच वापरावे.

विहिरीवर लावतात तसला ऑटो स्विच कॉम्प्रेसरला लावू नये. पंप रात्री आपोआप सुरू झाला तर पाणी मिळते. कॉम्प्रेसर वीज येताच आपोआप सुरू झाला तर त्याच्या पट्ट्यात हात असलेल्या माणसाचे बोट जाते. पट्ट्यावर जाळी नसलेले यंत्र तर सुरूच करू नये.

कोणी म्हणेल, एवढ्या अटी लावल्या तर गरीब गटाने कॉम्प्रेसर घ्यावा तरी कसा ? आक्षेप खोटा नाही. पाण्याच्या चाचणीस एक दिवस जातो, व्यापारी कुरकुर करतो, आणि टाकी बाद झाली की सौदा फिसकटतो. परंतु बाद झालेल्या टाकीवरचे डोके व मोटार चांगली असू शकते. तेवढेच विकत घेऊन नवी टाकी बसविली तर नव्या यंत्रापेक्षा खर्च पुष्कळ कमी येतो. कारखान्यांसाठी १९४८ च्या अधिनियमात दाबाखालील यंत्रांचे कलम ३१ स्वतंत्रपणे घातले गेले होते. गावातील दोन माणसांच्या शेडमध्ये कोणी निरीक्षक येत नाही. तेथे जाणारा सरकारी मनुष्य म्हणजे ग्रामपातळीवरील कार्यकर्ता. तो अवजारांची नोंद करतो, अनुदानाचे अर्ज भरून घेतो. त्याच भेटीत त्याने तळाचा कॉक आपल्या समोर उघडावयास सांगितला आणि सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून पाहावयास लावली, तर त्यास पाच मिनिटेही लागणार नाहीत. त्याने वीजतंत्री व्हावे अशी अपेक्षा नाही.

हवेच्या नळीविषयीही त्याच वेळी विचारावे. शेतात पीव्हीसी पाइपचे तुकडे भरपूर पडलेले असतात व तेच शेडच्या भिंतीवरून हवेसाठी टाकलेले दिसतात. पाण्याच्या दाबाने पीव्हीसी तडकते, हवेच्या दाबाने तिच्या काचेसारख्या ठिकऱ्या उडतात. हवेसाठी दाबाचा आकडा छापलेली रबरी होज किंवा लोखंडी जी. आय. पाइप घ्यावा. पीव्हीसीचे तुकडे पाटाच्या कामास ठेवावेत.