संगणक रात्रभर फिरतो, दंड मात्र पोटकंत्राटदाराला

आखातातील आणि आपल्याकडीलही काही मोठ्या बांधकामांच्या टेंडरात एक अट असते. कामाचे वेळापत्रक नुसते देऊन चालत नाही, ते जोखमीच्या कसोटीवर तपासून द्यावे लागते. मुख्य कंत्राटदार ही अट खाली ढकलतो आणि ती वायरिंग, प्लंबिंग, अॅल्युमिनियमच्या खिडक्या, एसीचे डक्ट अशी कामे घेणाऱ्या आमच्या बांधवांच्या डोक्यावर येऊन पडते. हुन्नर त्यांच्या हातात आहे, पण अडते ते संगणकापाशी.

आमच्या ओळखीचे एक बंधू विजेच्या कामाचे पोटकंत्राट घेतात. त्यांच्या मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टच्या फाइलमध्ये लहानमोठी पंधराशे कामे होती. जोखीम तपासणारा जोडप्रोग्राम कोणाकडून तरी मिळवला, पाच हजार फेऱ्या मागितल्या आणि इशाच्या नमाजानंतर चालू करून ते झोपले. फज्रला उठून पाहतात तो जेमतेम हजार फेऱ्या झालेल्या. त्याच दिवशी कागद द्यायचे होते. त्यांनी प्रोग्राम बंद केला, मागच्या एका कामावरून अंदाजाने तारीख घातली आणि दिली. पुढे दिरंगाईचा दंड मोजला गेला तो त्याच तारखेपासून.

हा प्रकार एकट्याचा नसावा, म्हणून त्याची फोड करणे आम्हास आवश्यक वाटते.

मूळ कल्पना साधी आहे. एखादे काम दहा दिवसांचे म्हणण्याऐवजी लवकरात लवकर आठ, बहुधा दहा, उशिरात उशिरा अठरा असे तीन आकडे द्यायचे. अमेरिकन आरमाराच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामी 1958 साली पर्ट नावाची पद्धत निघाली तेव्हापासून हे तीन आकडे चालत आले आहेत. संगणक प्रत्येक फेरीत या मर्यादांमधून प्रत्येक कामासाठी एक आकडा उचलतो, सारे वेळापत्रक नव्याने मांडतो आणि शेवटची तारीख टिपून ठेवतो. हजार फेऱ्या झाल्या की हजार तारखा हाती येतात. त्यांतल्या आठशे ज्या तारखेच्या आत बसतात, ती ऐंशी टक्के भरवशाची तारीख. या रीतीला मॉन्टे कार्लो म्हणतात. मोनॅकोतील जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या ठिकाणावरून ते नाव पडले. नाव ऐकून कोणी दचकू नये, इथे पैज लावली जात नाही. उलट ज्याला पैज लावायची नाही त्याच्याच उपयोगाची ही रीत आहे.

मग इतका वेळ का लागतो? दोष बहुधा यंत्राचा नसतो, जोडणीचा असतो. काही जोडप्रोग्राम स्वतः हिशेब करीत नाहीत. ते मूळ प्रोग्रामला बाहेरून एकेक आकडा सांगतात, तो लिहून घेतो, वेळापत्रक पुन्हा मांडतो, पडद्यावरचा तक्ता पुन्हा काढतो, मग पुढचा आकडा. मालकाने मुनिमाला एकेक रक्कम सांगावी आणि मुनिमाने प्रत्येक रकमेनंतर अख्ख्या खातेवहीची बेरीज करावी, तसे. पंधराशे कामे गुणिले हजार फेऱ्या म्हणजे पंधरा लाख नोंदी. एका नोंदीला सेकंदाचा पन्नासावा भाग लागला तरी तीस हजार सेकंद, म्हणजे आठ तास वीस मिनिटे. रात्र संपली! महागडा संगणक आणूनही फार फरक पडत नाही, कारण या नोंदी एकामागून एक रांगेतच जातात.

दुसऱ्या जातीचे प्रोग्राम वेळापत्रक एकदाच वाचून घेतात, हिशेब स्वतःच्या पोटात करतात आणि शेवटी फक्त निकाल परत देतात. हेच काम त्यांच्याकडून मिनिटांत होते. 1963 साली व्हॅन स्लाइक यांनी या रीतीने पर्टचे हिशेब करून दाखवले, तेव्हाचे संगणक आजच्या साध्या मोबाइलच्या पासंगालाही पुरले नसते. तेव्हा विकत घेण्याआधी विक्रेत्याला एवढेच विचारावे की हिशेब तुमचा प्रोग्राम करतो की मूळ प्रोग्रामकडून करवून घेतो. त्याच्या नमुन्याच्या तीस कामांवर कोणताही प्रोग्राम पळतो. शिलाई मशीन घेताना आपण आपले जाड कापड नेऊन टाके घालून पाहतो, तशी आपली फाइल सोबत न्यावी.

ज्यांच्याकडे पहिल्याच जातीचा आहे त्यांनी आपोआप होणारी फेरमांडणी आणि पडद्याचे चित्र शक्य तिथे बंद ठेवावे, आणि फाइल नेटवर्कवरून न चालवता आपल्याच यंत्रावर आणावी. माणसे आणि यंत्रे वाटून देण्याचे काम दर फेरीला करायला लावू नये, ते फार वेळ खाते. फेऱ्याही बेताच्या मागाव्यात. ऐंशी टक्क्यांच्या उत्तरात हजार फेऱ्यांनंतर साधारण अडीच टक्क्यांची इकडेतिकडे राहते, पाच हजारांनंतर एक टक्क्याहून थोडी जास्त. पाचपट वेळ देऊन मिळवायचे ते एवढेच. आपले मूळचे तीन आकडेच अंदाजाचे असताना एवढ्या बारकाव्याचा काय उपयोग?

सगळ्यात मोठी बचत मात्र फाइल लहान करण्यात आहे. प्रत्येक मजल्याच्या प्रत्येक खोलीतील स्विच हे वेगळे काम म्हणून जोखमीच्या तपासणीत घालण्याचे कारण नाही.

इथे आखातात काम करणाऱ्या बांधवांसाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. संयुक्त अरब अमिरातीत रमजानमध्ये रोजच्या कामाचे दोन तास कमी होतात आणि 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम बंद असते. पुष्कळजण हे जोखीम म्हणून आकड्यांत मिसळतात. आमच्या मते ते चूक आहे. रमजान येणार हे ठाऊक असते, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो हेही ठाऊक असते. त्याची जागा कॅलेंडरात आहे. कोकणातल्या पावसाचेही तेच: तो जूनमध्ये येणार हे धरूनच चालायचे, लांबला तर किती लांबेल एवढीच जोखीम. मात्र प्रत्येक कामाला वेगळे कॅलेंडर लावू नये, त्यानेही हिशेब मंदावतो.

एवढी यातायात का करायची, असे कोणी विचारील. समजा वायरिंग, डक्ट आणि खिडक्या ही तिन्ही कामे संपल्यावरच रंगकाम सुरू होणार आहे. तिघांनीही आपापली ऐंशी टक्के भरवशाची तारीख दिली आणि तिघांचा एकमेकांशी संबंध नसला, तर तिन्ही वेळेवर होण्याची शक्यता उरते एक्कावन्न टक्के. रंगाऱ्याने तिथे माणसे आणून बसवायची ती अशा भरवशावर! हे साध्या वेळापत्रकात दिसत नाही. या फेऱ्यांत दिसते. म्हणून संगणक रेंगाळतो या सबबीवर तपासणी सोडून देणे आम्हास मान्य नाही, कारण खोटी तारीख शेवटी ज्याच्या हातात सर्वांत कमी पैसा त्याच्याच बिलातून वसूल होते.

आणि मुख्य कंत्राटदारांनाही विचारले पाहिजे. प्रायमावेरासारख्या प्रोग्रामचे लायसन्स त्यांच्याकडे, योजना पाहणारा माणूस त्यांच्याकडे, सर्व पोटकंत्राटदारांची वेळापत्रके एकत्र त्यांच्याकडे. एकाची दिरंगाई दुसऱ्याला कशी लागते हे तेच पाहू शकतात. पोटकंत्राटदाराने आपले तीन आकडे खरे द्यावेत आणि फेऱ्या त्यांनी चालवाव्यात, अशी मागणी कराराच्या बैठकीत करण्यास कसला संकोच?

आमच्या त्या बंधूंनी नव्या टेंडरासाठी पंधराशेची फाइल एकशेचाळीस कामांवर आणली. फेऱ्या हजार ठेवल्या. जोहरला जाऊन, जेवण उरकून परत येईपर्यंत निकाल तयार होता. ऐंशी टक्क्यांची तारीख त्यांच्या मनातल्या तारखेच्या तीन आठवडे पुढे निघाली आणि त्यांनी तीच लिहून दिली. टेंडर त्यांना मिळाले की नाही, हे अद्याप कळलेले नाही.