कल्पित जगांची झडती वाचकांनीच घ्यावी

विज्ञानकादंबऱ्या आणि फँटसी वाचणारे आपसांत जे बोलतात, ते आपल्याकडे सगळ्या बाजूंनी मोडीत काढले जाते. साहित्याचे जाणकार म्हणतात, हा करमणुकीचा माल आहे. आवडला तर वाचावा, नाही तर सोडावा, त्यावर खल कसला करायचा? विज्ञानाचे जाणकार म्हणतात, यातले शास्त्र बरोबर की चूक हे आम्ही सांगू, बाकीच्यांनी गोष्टीचा आनंद घ्यावा. फँटसीच्या बाबतीत तिसराच युक्तिवाद पुढे येतो: जिथे काहीही घडू शकते तिथे चूक काढणार कशाची? तिन्ही म्हणणी शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतात. सामान्य वाचकाचे मत ही त्याची खासगी आवडनिवड आहे, ती त्याने आपल्यापाशी ठेवावी. मला हे मुळातूनच चुकीचे वाटते. या दोन साहित्यप्रकारांना वाचकांच्या परस्पर चर्चेची गरज इतर कुठल्याही कादंबरीपेक्षा अधिक आहे, आणि ती गरज त्यांच्या घडणीतूनच आलेली आहे.

वास्तववादी कादंबरीचा वाचक पुस्तक उघडतो तेव्हा तपासणीचे साधन त्याच्याजवळ आधीच असते. चाळीतले भांडण, गावातली निवडणूक, कचेरीतली कुचंबणा त्याने पाहिलेली असते. लेखक खोटे लिहू लागला की त्याला लगेच खटकते. विज्ञानकादंबरीचा लेखक मात्र अख्खे जगच नवे मांडतो. त्या जगात गुरुत्वाकर्षण असते, तशी शेतीही असते. कर असतात, लग्ने असतात, देवधर्म असतो, आणि कुणीतरी रोज स्वयंपाकही करत असतो. असे जग एकट्या वाचकाला सगळ्या बाजूंनी तपासता येत नाही, मग तो कितीही विद्वान असो. एकाला यंत्रे कळतात, दुसऱ्याला पाण्याचे वाटप कळते, तिसरीला घरातल्या सत्तेचे राजकारण कळते. प्रत्येकाचे मत अपुरे असते, म्हणून ते एकमेकांपुढे यावे लागते. हा साहित्यप्रकार वाढला तोही असाच. १९२६ साली ह्यूगो गर्न्सबॅक यांनी अमेरिकेत ‘अमेझिंग स्टोरीज’ मासिक सुरू केले. त्यात वाचकांची पत्रे पूर्ण पत्त्यांनिशी छापली जात. पत्ते मिळाल्यावर वाचक संपादकाला वगळून थेट एकमेकांना लिहू लागले, त्यातून मंडळे निघाली, हौशी नियतकालिके निघाली, आणि १९३९ साली न्यूयॉर्कला पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले.

या चर्चेने पुस्तकाचे भले होते याचा माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका पुरावा लॅरी निव्हन यांच्या ‘रिंगवर्ल्ड’ (१९७०) या कादंबरीचा. ताऱ्याभोवती सुमारे पंधरा कोटी किलोमीटर त्रिज्येचे एक प्रचंड कडे आहे, ते स्वतःभोवती फिरते म्हणून त्याच्या आतल्या पृष्ठभागावर माणसाला वजन जाणवते, आणि तिथे लक्षावधी पृथ्व्या मावतील एवढी जमीन आहे, अशी ती कल्पना. वाचकांनी गणिते मांडली. असे घट्ट कडे ताऱ्याभोवती स्थिर राहू शकत नाही. ते किंचित जरी सरकले तरी ताऱ्याला जवळ आलेली बाजू अधिक ओढली जाते, आणि सरकता सरकता कडे शेवटी ताऱ्यावर जाऊन आदळते. शनीची कडी घन असतील तर टिकणार नाहीत, हे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवले होते. १९७१ साली बोस्टनला भरलेल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी ‘रिंगवर्ल्ड अस्थिर आहे’ अशा घोषणा दिल्या. त्याच वर्षी, त्याच संमेलनाच्या सभासदांच्या मतांनी याच कादंबरीला विज्ञानकथेचा मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला! याकडे नीट पाहिले पाहिजे. पुस्तकावर जीव असणे आणि त्यातली चूक चारचौघांत सांगणे यांत त्या वाचकांना कसलाही विरोध दिसला नाही. आणि निव्हन यांनी काय केले? १९८० च्या ‘द रिंगवर्ल्ड इंजिनिअर्स’ या पुढच्या कादंबरीत त्यांनी कडे जागेवर ठेवणारी इंजिने आणली, आणि त्यांतली बहुतेक इंजिने तिथल्याच रहिवाशांनी काढून आपल्या अंतराळयानांना जोडली, म्हणून सारे जग विनाशाकडे सरकते आहे, असे कथानक रचले. वाचकांचा आक्षेप हाच दुसऱ्या पुस्तकाचा कणा झाला. चर्चेला निरर्थक म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

यावर विज्ञानाचे जाणकार म्हणतील, हे तर आमच्याच बाजूचे उदाहरण झाले. चूक गणित येणाऱ्यांनी काढली. मान्य. पण विज्ञानकादंबरीचे शास्त्र तपासले की तिची तपासणी संपली, हे मान्य नाही. टॉम गॉडविन यांची ‘द कोल्ड इक्वेशन्स’ ही १९५४ ची कथा पाहा. कादंबरी नसली तरी या वादासाठी तिच्याइतका नेमका दाखला नाही. दूरच्या ग्रहावर औषध घेऊन निघालेल्या छोट्या यानात इंधन अगदी मोजून भरलेले आहे. भावाला भेटण्याच्या ओढीने एक मुलगी त्यात लपून बसते. तिच्या वजनासह यान उतरू शकत नाही, म्हणून चालकाला तिला बाहेर, पोकळीत सोडावे लागते. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हिशेब चोख आहे. निसर्गनियमांना दयामाया नसते, हा कथेचा दावा. गणिताच्या शिक्षकाने तिला पूर्ण गुण दिले असते. पुढे अनेक दशके वाचक तिच्यावर वाद घालत राहिले तेव्हा त्यांनी वेगळाच प्रश्न विचारला. माणसाला घेऊन जाणाऱ्या यानात इंधनाचा थोडाही जादा साठा ठेवायचा नाही, हे कुणी ठरवले? ज्या दारातून आत शिरल्याची शिक्षा मृत्यू आहे, त्या दाराला साधे कुलूप का नाही, निव्वळ पाटी का? मुलगी मेली ती व्यवस्थापनाच्या निर्णयांमुळे, आणि कथेने त्या निर्णयांना निसर्गनियमाच्या आड लपवले. हा आक्षेप घ्यायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. ‘नियमच तसा आहे, आमचा नाइलाज आहे’ हे उत्तर खिडकीपलीकडून ऐकलेल्या कुठल्याही माणसाला तो सुचेल, आणि अशाच माणसाने तो मांडला पाहिजे. त्या कथेला आज जे महत्त्व आहे, ते या वादासकटच आहे.

आता फँटसी. ‘काहीही चालते’ हे म्हणणे त्या प्रकाराची ताकद न कळल्याचे लक्षण आहे. फँटसीत निसर्गाचे नियम मोडता येतात, पण लेखकाने स्वतः घातलेले नियम मोडता येत नाहीत. मोडले की वाचकाचा विश्वास तिथेच संपतो. जे. आर. आर. टॉल्किन यांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना प्रवासाचे दिवस आणि चंद्राच्या कला जुळाव्यात म्हणून प्रकरणे दुरुस्त केली, ती याच जाणिवेने. हे पुस्तक १९५४-५५ मध्ये आले, आणि १९५६ साली एडमंड विल्सन यांच्यासारख्या मातब्बर अमेरिकन समीक्षकाने ते पोरकट ठरवून झिडकारले. निकाल त्याच्यावर थांबला असता तर? तो थांबला नाही, कारण वाचक एकमेकांशी बोलत राहिले. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रकाशनाने लेखकाच्या परवानगीशिवाय स्वस्त आवृत्ती काढली, तेव्हा याच वाचकांनी असा गदारोळ केला की प्रकाशकाला टॉल्किन यांना मानधन देणे आणि पुन्हा छपाई न करणे कबूल करावे लागले. आपसांत बोलणारे वाचक नसते तर लेखकाच्या बाजूने एवढे बळ उभे राहिले नसते.

उर्सुला ले ग्विन यांचे उदाहरण विज्ञानकादंबरीचे आहे, पण मला ते याहून मोलाचे वाटते, कारण तिथे तपासणी अधिक खोल गेली. ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ (१९६९) मधल्या गेथेन ग्रहावरची माणसे कायमची पुरुष किंवा स्त्री नसतात. कल्पना क्रांतिकारक होती, कादंबरीचे कौतुकही भरपूर झाले. तरीही अनेक वाचकांनी, विशेषतः स्त्रियांनी, सांगितले की ही पात्रे आम्हाला पुरुषच दिसतात: ती राज्य करतात, कटकारस्थाने करतात, बर्फ तुडवतात, पण मूल वाढवताना क्वचितच दिसतात. १९७६ साली ले ग्विन यांनी एका निबंधात स्वतःचे समर्थन केले. अकरा वर्षांनी त्याच निबंधाला नवी टिपणे जोडून त्यांनी आपली आधीची बाजू बऱ्याच अंशी मागे घेतली. एवढ्या समर्थ लेखिकेला आपल्याच जगाचा जो कोपरा दिसला नव्हता, तो वाचकांनी दाखवला.

याच्या विरुद्ध एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. वाचकांचा जमाव होतो, तो लेखकाला वेठीस धरतो, गटबाजी करतो, आवडीच्या नावाखाली सूड उगवतो. हे घडलेले आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. २०१५ च्या ह्यूगो पुरस्कारांत एका गटाने ठरवून मतदान केले आणि नामांकनाच्या याद्या आपल्या पसंतीच्या नावांनी भरून टाकल्या. पण पुढे काय झाले तेही सांगायला हवे. अंतिम फेरीत वाचक मोठ्या संख्येने पुढे आले आणि त्यांनी पाच विभागांत ‘पुरस्कार नाही’ असाच कौल दिला. त्याच वर्षी कादंबरीचा पुरस्कार चीनच्या लिऊ सिशिन यांच्या ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ला मिळाला, अनुवादित कादंबरीला तो मिळण्याची ती पहिली वेळ. उलट २०२३ साली चेंगडूच्या जागतिक संमेलनात ह्यूगोसाठीची काही नामांकने आयोजकांनी कारण न देता अपात्र ठरवली, तेव्हा दोष वाचकांचा नव्हता, बंद दाराआड निर्णय घेणाऱ्यांचा होता. जमावाच्या गोंगाटाला उतारा हवा असेल तर तो आणखी वाचकांच्या, कारणे देऊन मांडलेल्या मतांत मिळतो. कारणे देणे म्हणजे काय ते डेमन नाइट यांनी दाखवले. विशीतल्या या वाचकाने १९४५ मध्ये एका हौशी नियतकालिकात, तेव्हाचे अत्यंत लोकप्रिय लेखक ए. ई. व्हॅन व्होट यांच्या ‘वर्ल्ड ऑफ नल-ए’ची कथानकातल्या विसंगती एकेक दाखवत चिरफाड केली. व्हॅन व्होट यांनी पुढे ती कादंबरी सुधारली, आणि त्या टीकेची दखलही घेतली. नाइट पुढे या प्रकाराचे आद्य समीक्षक मानले गेले. ती कामगिरी सुरू झाली एका वाचकाच्या मतापासून.

अशा चर्चेने रहस्य फुटते, ही दुसरी तक्रार मात्र किरकोळ आहे. ज्या कादंबरीत शेवट कळल्यावर वाचण्यासारखे काही उरत नाही, तिच्याविषयी बोलण्यासारखेही फारसे नसते.

मराठीत मात्र ही चर्चा फार तोकडी राहिली, आणि त्याची झळ आपल्या पुस्तकांनाच लागली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी जयंत नारळीकर यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने, पत्नीच्या हस्ताक्षरात पाठवली. आपल्या कीर्तीचा निकालावर परिणाम होऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती. कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाने एवढ्या कसोशीने मागितलेला निर्मळ न्याय पुढे आपण त्यांना दिला का? त्यांच्या पुस्तकांवरची आपली मते बहुधा दोन वाक्यांत आटोपतात: शास्त्र अचूक आहे, आणि मुलांना जरूर वाचायला द्यावे. हा आदर आहे, पण वाचन नाही. ‘वामन परत न आला’ (१९८६) मध्ये जमिनीखाली सापडलेल्या एका प्राचीन संस्कृतीच्या ठेव्यातून यंत्रमानव घडतो. असा ठेवा उघडण्याचा अधिकार कुणाचा, तो निर्णय किती थोड्या लोकांच्या हाती आहे, यंत्राला स्वतःची इच्छा असू शकते हे कादंबरीने कितपत गंभीरपणे घेतले आहे, पात्रे माणसे म्हणून उभी राहतात की फक्त कल्पना वाहून नेतात, हे प्रश्न आज, यंत्रांच्या बुद्धीची रोज चर्चा चालू असताना, आपण विचारायला नकोत? नारायण धारपांच्या पुस्तकांच्या प्रती वाचनालयांत फाटेपर्यंत फिरल्या, पण त्यांच्या अद्भुत जगाचे नियम काय आहेत आणि ते कुठे सैल पडतात, यावर मोजकेच लिहिले गेले. नंदा खरे यांनी ‘उद्या’साठी जाहीर झालेला साहित्य अकादमी पुरस्कार नाकारला, तेव्हा त्या नकाराची बातमी जेवढी पसरली, तेवढी त्या कादंबरीतल्या पाळत ठेवणाऱ्या, कंपन्यांच्या ताब्यातल्या भविष्याची झडती झाली नाही. मराठीत विज्ञानकादंबरी पुरेशी लिहिली जात नाही म्हणून आपण हळहळतो. जी लिहिली गेली तिच्याशी कडाडून भांडणारा वाचक तिला मिळाला नाही, हेही एक कारण मला त्यामागे दिसते.

नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले, खरे २०२२ मध्ये. त्यांना आता उत्तर देता येणार नाही, पण पुस्तके हाताशी आहेत आणि आज लिहिणारे लेखक ऐकायला आहेत. वाचकांनो, यांतले एक पुस्तक पुन्हा काढा. चारचौघांत वाचा, त्यांत एखादी परिचारिका असू द्या, एखादा वायरमन, एखादा शेतकरी, एखादा विद्यार्थी. आपले मत कारणासह मांडा, पुस्तकातली जागा दाखवून मांडा, आणि ज्याला ते पटले नाही त्याला आधी बोलू द्या. मग ते लिहून लेखकापर्यंत पोचवा.