बातमीचाही कोर्स पूर्ण करावा लागतो



मागच्या महिन्यात विहारात तपासणीचं शिबिर लावलं होतं. एका मावशीचा बीपी मोजत होते. पट्टा सोडता सोडता तिनं विचारलं, "सिस्टर, आमच्या पिशव्यांची बातमी पार अमेरिकेतल्या पेपरात आली म्हणं. मग पुढं काय झालं?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. रांग मोठी होती, पण कारण ते नव्हतं. त्या प्रश्नाचं उत्तर मी इथं लिहिते आहे.

आधी माझं स्वतःचं सांगते. मी जीएनएम. बरीच वर्षं खासगी दवाखान्यात नोकरी केली. ऑपरेशनच्या आधी बाईचा अंगठा संमतीपत्रावर घेणं हे माझं काम होतं. कागदावर काय लिहिलंय ते मी किती जणींना वाचून दाखवलं? फार थोड्या. बाई तिशीतली, तक्रार अंगावरून पांढरं जाण्याची. पुष्कळदा अशी तक्रार औषधाच्या कोर्सनं बरी होते, हे मला शिकवलेलं होतं. तिला मात्र बाहेर सांगितलेलं असायचं, "पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल." मग ती म्हणायची, "लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम? काढून टाका एकदाची." मी शाईचा पॅड पुढं करायची. ते ओझं अजून माझ्यावर आहे. नोकरी सोडून मी या कामात आले ती त्यामुळंच.

आपल्या जिल्ह्यात हे वर्षानुवर्षं चालू होतं आणि सगळ्यांना माहीत होतं. दिवाळी झाली की वस्तीतल्या घरांना कुलपं लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस खाडा झाला की पाचशे रुपये कापले जातात. फडात संडास नाही, धुवायला पाणी नाही, पाळीतही मोळ्या उचलायच्याच. मग जंतुसंसर्ग होणार, पोटात दुखणार. बाई दवाखान्यात जाणार आणि पिशवी काढून परत येणार. ऑपरेशनच्या खर्चासाठी पुन्हा उचल घेणार. महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटना आणि इथले काही पत्रकार यावर बोलत होते. पण ज्या पेपराला दवाखान्याच्या वाढदिवसाची आणि कारखान्याच्या मोळीपूजनाची जाहिरात हवी असते, त्याच्या पहिल्या पानावर हे कसं येणार?

२०१९ च्या एप्रिलमध्ये 'द हिंदू बिझनेसलाइन' या इंग्रजी दैनिकानं बीडच्या बायकांची ही गोष्ट छापली. मग गवगवा झाला. विधिमंडळात प्रश्न आला. तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांना आकडा सांगावा लागला. तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्या होत्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. देशाच्या कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. जिल्हा शल्यचिकित्सकाच्या परवानगीशिवाय बीडमधल्या खासगी दवाखान्यानं पिशवी काढायची नाही, हा नियम कडक झाला तोही या सगळ्या बोभाट्यामुळंच.

२०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'नं फुलर प्रोजेक्टसोबत मोठा शोध छापला. फुलर प्रोजेक्ट ही बायकांच्या प्रश्नांवर पत्रकारिता करणारी ना-नफा संस्था होती. त्यांनी आपल्या फडातला ऊस धरला आणि त्याची साखर कुठं जाते ते शोधत गेले. तर ती कोका-कोला आणि पेप्सिकोच्या बाटलीपर्यंत पोचली. त्यातली एक गोष्ट मला फार लागली. कोका-कोलासाठी काम करणारे सल्लागार २०१९ मध्येच आपल्याकडच्या फडांत येऊन गेले होते. लेकरं ऊस तोडतात, माणसं कर्ज फेडायला राबतात, हे त्यांनी अहवालात लिहिलं होतं. म्हणजे कंपनीला माहीत होतं. आपल्याला मात्र पाच वर्षांनी बातमीतून कळलं. अहवाल मालकासाठी लिहिलेला असतो, तो मालकाच्या कपाटात राहतो. बातमी सगळ्यांसाठी असते. स्वतंत्र पत्रकारिता म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी हाच फरक सांगते.

आता जरा लांबचं वाटेल असं एक बोलते, पण ते आपल्या पिशवीशीच जोडलेलं आहे. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या देशांनी मिळून ठरवलं की पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर जगातून हटवायचा. भारतही त्यात आहे. २०३० पर्यंत शंभरातल्या ९० मुलींना पंधरा वर्षांच्या आत एचपीव्हीची लस, ७० बायकांची पस्तिशीपर्यंत आणि पुन्हा पंचेचाळिशीपर्यंत तपासणी, आणि आजार सापडलेल्यांपैकी ९० जणींना उपचार. किती सरळ आहे बघा. कॅन्सरची भीती असेल तर आधी तपासा. आपल्या देशात मात्र २०१९-२१ च्या पाहणीनुसार तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांत दोघींचीसुद्धा ही तपासणी झालेली नव्हती. तिकडं सभेत तपासणीचं वचन दिलं, आणि इकडं तपासणी न करताच कॅन्सरचं नाव घेऊन पिशवी काढली. या दोन गोष्टी शेजारी ठेवून दाखवणारा पत्रकार आपल्याला हवा आहे. सरकारं परदेशात आपल्या नावानं सही करून येतात. काय कबूल केलं हे वस्तीला मराठीत कोण सांगणार?

पण पत्रकारांनाही चार शब्द सुनावले पाहिजेत. "गर्भाशय नसलेल्या बायकांचं गाव" अशी मथळ्यांची चढाओढ लागली. बायकांनी मजुरी बुडू नये म्हणून पिशव्या काढल्या, असं लिहिलं गेलं. जणू बायकांनी आपणहून ठरवलं आणि सर्जनच्या हातात चाकू कुणी दुसऱ्यानंच दिला! फोटो छापले, गावाची नावं छापली. त्या गावातल्या पोरींच्या सोयरिकीत तो शब्द अडला, तेव्हा वार्ताहर तिथं नव्हता.

आणि मुख्य दुखणं हे की बातमी येते, गाजते आणि जाते. टीबीच्या पेशंटला आम्ही घसा कोरडा होईपर्यंत सांगतो, बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडू नका. अर्धवट कोर्स झाला की जंतू औषधाला दाद देत नाही. अर्धवट बातमीचंही तसंच आहे. लुबाडणारा सावध होतो. आता काही बायका मला सांगतात, "ऑपरेशन बीडात नाय केलं सिस्टर, भाईरच्या जिल्ह्यात केलं." २०२५ च्या जूनमध्ये आरोग्य विभागाच्या तपासणीचे आकडे पेपरात आले. ८४३ ऊसतोड बायकांची पिशवी काढलेली आढळली, त्यातल्या ४७७ जणी तीस ते पस्तीस वयाच्या. म्हणजे आजार अंगात आहेच.

५ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर निकाल दिला. विनाकारण पिशव्या काढणं रोखण्यासाठी केंद्रानं केलेल्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात, असा आदेश झाला. जिल्ह्यात देखरेख समिती हवी, सरकारी आणि खासगी दवाखान्यांतल्या प्रत्येक ऑपरेशनची नोंद हवी. आपल्या समितीची बैठक कधी झाली, तिथं काय नोंदलं गेलं, ही बातमी मी अजून कुठल्या पेपरात वाचलेली नाही. मावशीच्या प्रश्नाचं उत्तर इथं अडलं आहे.

मग आपण काय करायचं?

ऑपरेशन झालं असेल तर कागद जपा. सोनोग्राफीचा रिपोर्ट, बिल, डिस्चार्ज कार्ड, काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा रिपोर्ट, सगळं एका पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवा. कागद नसतील तर लेखी मागा, ७२ तासांत ते द्यायला हवेत. झालं नसेल आणि कुणी पिशवी काढायला सांगत असेल, तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. आधी तपासणी, मग निर्णय. तिशीच्या पुढच्या बायकांची पिशवीच्या तोंडाची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट असते, आशाताईला विचारा. पत्रकार आला तर हाकलू नका, पण अटी आपल्या घाला. नाव छापायचं का, फोटो काढायचा का, हे तुम्ही ठरवा. त्याचा नंबर घ्या. सहा महिन्यांनी तुम्ही त्याला फोन करा आणि विचारा, "दादा, पुढचं कधी लिहिणार?"

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला, तेव्हा त्याची पैसे देऊन केलेली जाहिरातही 'केसरी'नं छापली नव्हती. 'मूकनायक' बंद पडला, तरी बाबासाहेब थांबले नाहीत. 'बहिष्कृत भारत', 'जनता' आणि १९५६ ला 'प्रबुद्ध भारत'. एका अंकावर काम भागत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

या पानापासून सुरुवात करू. पुढच्या अंकापर्यंत जिल्हा समितीच्या बैठकांची माहिती मी माहितीच्या अधिकारात मागते. आली तर इथं छापू, नाही आली तर तेही छापू. मावशी, तुम्ही अंक वाचून घ्या, आणि मी विसरले तर मला विचारा.