मेनफ्रेमला शिव्या देण्याआधी

मंडळी, आपल्या मंडळात सॉफ्टवेअरवाल्यांना तोटा नाही. आणि सध्या त्यांच्यातला एखादा तरी कुठल्या ना कुठल्या सरकारी खात्याची जुनी मेनफ्रेम प्रणाली क्लाउडवर नेण्याच्या प्रकल्पात असतोच. मीही त्यांतलाच एक. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते थोडेफार माझ्याच पोटावर पाय आणणारे आहे. पण कोणीतरी ते लिहायला हवे.

आमच्या धंद्यात एक वाक्य मंत्रासारखे म्हटले जाते: "मेनफ्रेम जुनाट, कोबॉल मेलेली भाषा, सगळे क्लाउडवर टाका, प्रश्न मिटला!" हे वाक्य अर्धवट आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि सरकारी कामात अर्धवट वाक्याची किंमत ते विकणारा मोजत नाही, खिडकीसमोर उभा असलेला माणूस मोजतो.

एप्रिल २०२० आठवा. करोनामुळे लाखोंच्या नोकऱ्या गेल्या, बेकारभत्त्याच्या अर्जांचा पूर आला आणि न्यू जर्सीचे तेव्हाचे राज्यपाल फिल मर्फी यांनी कोबॉल येणारे स्वयंसेवक हवेत असे जाहीर आवाहन केले. झाले! १९५९ साली जन्मलेल्या त्या भाषेला जो तो झोडपू लागला. पण संगणकाचा इतिहास लिहिणाऱ्या मार हिक्स यांनी त्याच वर्षी दाखवून दिले, की न्यू जर्सीत कोलमडली ती अर्ज स्वीकारणारी, त्या मानाने बऱ्याच नव्या जावा भाषेतली वेबसाइट. मागचे कोबॉल आपले काम करत होते. साप साप म्हणून भुई धोपटणे म्हणतात ते हेच.

आता उलट उदाहरण पाहा. मिशिगन राज्याने आपल्या बेकारभत्ता खात्याची सुमारे ३० वर्षे जुनी मेनफ्रेम प्रणाली मोडीत काढून ऑक्टोबर २०१३ मध्ये 'मिडास' नावाची नवी प्रणाली आणली. खर्च सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलर. मालकाने दिलेली माहिती आणि अर्जदाराची माहिती जुळली नाही, की मिडास एक प्रश्नावली पाठवी. दहा दिवसांत उत्तर आले नाही, तर माणूस लबाड ठरे! तीन महिन्यांची कमाई सगळ्या आठवड्यांवर सारखी वाटून टाकण्याचा उद्योगही ती करी. म्हणजे नोकरी गेल्यावर रिकामे गेलेले आठवडेसुद्धा कमाईचे दिसत. दंड चौपट, वर १२ टक्के व्याज. लोकांचे पगार आणि टॅक्सचे परतावे जप्त झाले, काहींनी दिवाळखोरी पत्करली. पुढे राज्यानेच २२,००० हून अधिक प्रकरणे तपासली, तेव्हा त्यांतले ९३ टक्के निकाल चुकीचे निघाले. एकूण सुमारे ४०,००० लोकांवर खोटा आळ आला. २०२२ मध्ये राज्याने २ कोटी डॉलर देऊन खटला मिटवला. कोणाचे घर मोडले असेल, तर ते त्या पैशांनी परत येते का?

तिथे जुने यंत्र गेले, नवे आले, सगळे काही 'आधुनिक' झाले. गेला तो फक्त मधला माणूस, जो कागद पाहून म्हणाला असता, "थांबा, इथे काहीतरी गडबड आहे."

जुन्या प्रणालीत नुसता कोड नसतो. चाळीस वर्षांत बदललेले कायदे, कोर्टाचे निकाल, एखाद्या अनुभवी कारकुनाने दाखवून दिलेला अपवाद, हे सगळे त्या ओळींमध्ये जिरलेले असते. कित्येकदा ते दुसरीकडे कुठेच लिहिलेले नसते. शिवाय बारीकसारीक खाचाखोचा असतात. मेनफ्रेमच्या एबसिडिक संकेतांमध्ये क्रम लावताना अक्षरे आधी येतात आणि अंक नंतर. इतर संगणकांवर नेमके उलट. ठरावीक क्रम गृहीत धरून दोन फायली जुळवणारा प्रोग्राम तसाच उचलून नेला, की नोंदी जुळेनाशा होतात. कोबॉल पैशांचा हिशेब दशमान पद्धतीने ठेवते. नव्या भाषेत तोच हिशेब निष्काळजीपणे फ्लोटिंग पॉइंटमध्ये केला, तर ०.१ हा आकडासुद्धा नेमका मावत नाही. एका चेकवर हा फरक दिसायचा नाही, पण लाखो चेकांवर दिसतो.

"मग काय, जुनेच कवटाळून बसायचे?" असे कोणी विचारील. मुळीच नाही. अमेरिकी संसदेसाठी लेखातपासणी करणाऱ्या 'गाओ' या संस्थेने २०१९ मध्ये अत्यंत निकडीच्या दहा जुन्या संघीय प्रणालींची यादी दिली. त्यांची वये ८ ते ५१ वर्षे होती. जाणकार माणसे निवृत्त होत आहेत, नवी मिळत नाहीत. बदल हवाच. माझे भांडण बदलाशी नाही, घाईशी आहे. सोशल सिक्युरिटीच्या प्रणालीत कोबॉलच्या ६ कोटींहून अधिक ओळी असल्याचे त्या खात्यानेच सांगितले होते. २०१७ च्या आराखड्यात तिच्या आधुनिकीकरणाला पाच वर्षे धरली होती. मार्च २०२५ मध्ये 'वायर्ड'ने बातमी दिली, की हे स्थलांतर काही महिन्यांत उरकण्याचा बेत आहे. आपल्यापैकी प्रत्येकाची ती ४० क्रेडिट्स, ३५ वर्षांच्या कमाईवरून ठरणारे पेन्शन, सगळे तिथेच आहे बरे का! उतारवयात आपला चेक चुकला, तर तो कोणाला दाखवायचा?

करायचे काय, ते अवघड नाही, फक्त कंटाळवाणे आहे. आधी नियम माणसांच्या भाषेत लिहून काढा, खात्यातल्या जुन्या लोकांना शेजारी बसवून. एकेक तुकडा हलवा. जुनी आणि नवी प्रणाली काही काळ बरोबरीने चालवा आणि दोन्हींचे निकाल शेवटच्या सेंटपर्यंत ताडून पाहा. कोणाचा भत्ता तोडण्याआधी कागद माणसाच्या हातात जाऊ द्या. आणि कंत्राटात 'गो-लाइव्ह'च्या तारखेला जेवढे महत्त्व असते, तेवढे चुकीच्या निकालांच्या संख्येला द्या.

यात आपल्या समाजाचा खास वाटा आहे. वाय-टू-के च्या लाटेत कोबॉलच्या जोरावर आपली किती माणसे या देशात आली! आज ती निवृत्त आहेत किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत, आणि आमच्यासारखे क्लाउडवाले त्यांना 'डायनासोर' म्हणून हसतात. अहो, ते कोड वाचू शकणारी हीच माणसे उरली आहेत. हसण्याऐवजी त्यांना विचारा. आणि काका-मावशींनो, तुम्हीही "आता आम्हाला कोण विचारतो" म्हणून गप्प बसू नका.

आणि तुम्ही स्वतः अशा प्रकल्पात असाल, तर पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा: "प्रणालीने चुकीचा निकाल दिला, तर त्या माणसाचा फोन उचलणार कोण?" उत्तरात नाव आले नाही, तर तारीख पुढे ढकलायला सांगा. साहेब नाराज होईल, होऊ द्या.