कपोइराला वारशाचा मान, मेस्त्रेच्या हाती काय?

ब्राझीलमध्ये २० नोव्हेंबर हा झुंबी आणि कृष्णवर्णीय जाणिवेचा दिवस २०२४ पासून देशभर सुट्टीचा झाला. त्या दिवशी चौकाचौकांत कपोइराचा 'रोडा', म्हणजे खेळणाऱ्यांचे रिंगण, भरतो. सरकारी पाहुणेही टाळ्या वाजवतात. आम्हाला या टाळ्यांचा हिशेब मांडायचा आहे.

गुलामगिरी १८८८ मध्ये कायद्याने संपली. सुटलेल्यांना जमीन नाही, भरपाई नाही. दोनच वर्षांत, १८९० च्या दंडसंहितेत, रस्त्यावर कपोइरा खेळणाऱ्याला दोन ते सहा महिन्यांची कैद आली. माणूस मोकळा केला आणि त्याचे अंग हलवणे गुन्हा ठरवले!

रिंगणात हुकूम चालतो तो बेरिंबाऊचा. वाकवलेली काठी, एक तार, सुका भोपळा, एवढेच वाद्य. ते संथ वाजले की दोघे जमिनीलगत सरपटत खेळतात. लय वाढली की लाथा डोक्यावरून जातात. एक गातो, बाकीचे झील धरतात. 'काव्हालारिया' नावाचा ताल तर घोडेस्वार पोलीस आल्याची खूण म्हणून वाजवला जाई, असे जुने जाणकार सांगत. नाच की लढाई, हा प्रश्न बाहेरच्यांचा. खेळणाऱ्यांना दोन्ही लागत होते.

मेस्त्रे बिंबा यांनी १९३२ मध्ये साल्व्हादोरला शाळा काढली, १९३७ मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली. मेस्त्रे पास्तिन्या यांनी जुनी 'अँगोला' शैली जपली. पेलोरिन्यो वस्तीतली त्यांची जागा नूतनीकरणाच्या नावाखाली गेली आणि १९८१ मध्ये ते अंध, कंगाल अवस्थेत वारले. आज त्याच पेलोरिन्योत पर्यटकांसमोर कपोइरा होतो. २००८ मध्ये राष्ट्रीय वारसा, २०१४ मध्ये युनेस्कोची यादी. मान कलेला मिळाला, भाकरीचे काय?

शाळेत शिकवायचे तर मेस्त्रेने शारीरिक शिक्षणाच्या परिषदेकडे नोंदणी करावी, असा आग्रह तिकडे धरला गेला. आयुष्य रिंगणात घालवलेल्याने कोणाकडून पात्रता मागायची? मेस्त्रेंनी विरोध केला, तो योग्यच होता. दुसरीकडे काही इव्हँजेलिकल गट 'गॉस्पेल कपोइरा' चालवतात: लाथा ठेवायच्या, पण ओरिशांची आणि पूर्वजांची गाणी गाळायची.

आणि हे सगळे निव्वळ संस्कृतीचे भांडण नाही. २०१८ च्या निवडणुकीच्या पहिल्या फेरीनंतर साल्व्हादोरमध्ये मेस्त्रे मोआ दो कातेंदे यांना राजकीय वादातून भोसकून मारले गेले. त्यांच्यासाठी ठिकठिकाणी रोडा भरले, आणि बेरिंबाऊ वाजला.