शंभराच्या वर जाणारी बेरीज



‘रोज आत्मपरीक्षण करणाऱ्याला दुसऱ्याचं वागणं जसंच्या तसं आठवतं,’ हा मागच्या अंकातील पत्रलेखकांचा दावा वाचला. पटला नाही.

मानसशास्त्रज्ञ मायकेल रॉस आणि फिओर सिकोली यांनी 1979 मध्ये कॅनडातल्या 37 जोडप्यांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. न्याहारी, भांडी, इतर कामं यांत तुमचा वाटा किती, असं नवरा-बायकोला स्वतंत्रपणे विचारलं होतं. बहुतेक बाबतींत दोघांच्या वाट्यांची बेरीज शंभराच्या वर गेली. गंमत म्हणजे भांडण उकरून काढण्यासारख्या अवगुणांतही ती वर गेली! म्हणजे हा निव्वळ मोठेपणाचा सोस नव्हे. आपण घासलेली भांडी हातांना आठवतात. दुसऱ्याने घासलेली नुसती ओट्यावर पालथी दिसतात.

मग असा दोष कळला की तो जातो का? मानसशास्त्रज्ञ एमिली प्रोनिन आणि सहकाऱ्यांचं 2002 मधलं संशोधन पाहा. माणसं स्वतःला सरासरीपेक्षा बरी समजतात, हे समजावून सांगितल्यावरही बहुतेक विद्यार्थी म्हणाले, ‘माझं माझ्याबद्दलचं मत मात्र बरोबर आहे.’

पत्रलेखकांनी रोजनिशी जरूर लिहावी. फक्त ‘आज मी काय केलं’च्या शेजारी ‘आज घरच्यांनी काय केलं’ असा रकाना आखावा. मी आखला. आठवडाभरात सौ.चा रकाना माझ्यापेक्षा लांब झाला, तोही मला दिसलं तेवढंच धरून. माझ्यासाठी तिने असा रकाना आखायला साफ नकार दिला आहे.

– एक वाचक, सातारा